गारखेडा ते चितेगाव, एकेरी लाईन

भावजी, हे काही बरोबर केलं नाहीत. भांडण अर्धवट टाकून उठून जायची आपल्या घरात पद्धत नाही. तुमचे दादा आणि मी लग्नाच्या पहिल्या वर्षी पडद्यांच्या रंगावरून भांडलो, ते अजून चालू आहे. आणि तुम्ही मात्र बुधवारी संध्याकाळी "उद्या बघू, वैनी" म्हणून गच्चीवरून खाली उतरलात आणि सकाळी गेलात. असं कुठं असतं?

मला आज संध्याकाळपर्यंत रडू आलं नव्हतं. घरभर बायका आहेत आणि त्या माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघत होत्या. थोरली वहिनी, तिनं धाकट्या दिरासाठी हंबरडा फोडायला हवा, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहते आणि तो कशाला घेतला ते आठवत नाही. सकाळी जिन्यावर तुमच्या कंपनीच्या बुटांचा आवाज आला नाही, तर मनात आलं, आज सेकंड शिफ्ट दिसते. मग आठवलं. मग पुन्हा विसरले. दर थोड्या वेळानं मला ही बातमी नव्यानं कळते आणि दर वेळी पहिल्यासारखीच बसते.

कंपनीच्या बसची वाट बघत तुम्ही नेहमीसारखे चौकातल्या कट्ट्यावर बसला होतात. बरोबरच्यांना वाटलं डुलकी लागली. बस आली, सगळे उठले, तुम्ही उठला नाहीत. एवढंच. छातीवर हात नाही, "कसंतरी होतंय" नाही, काही नाही. तुमच्या शिफ्टमधल्या दोस्तानं मला फोन केला. "भाभी, मल्हारीभाऊ उठरेच नै," म्हणाला. आणि मी काय बोलले ठाऊक आहे? "बस सोडू नका, मी आलेच." जन्मभर मुलांना गणित शिकवलेली बाई मी, माझं डोकं त्या क्षणी फक्त तुमची बस चुकू नये एवढाच विचार करत होतं. चप्पल न घालता चौकापर्यंत गेले. बस खरंच थांबली होती. सगळे जण खाली उतरून उभे होते आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

नंतरचं मला सलग आठवत नाही. दवाखाना आठवतो, तुमच्या दादांचा हात आठवतो. तुमचं वय, गाव, नोकरी, मागे कोण कोण, हे सगळं लोकांनी दहाव्याच्या कार्डावर छापून घेतलंय. ते मी इथं लिहिणार नाही. मला तुमच्याशी बुधवारचं भांडण पुरं करायचंय.

आणि त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही दहावीत होतात आणि गणितात दणकून नापास होणार होतात. आबांच्या मेंढरांमागं निम्मी शाळा बुडालेली. आबांनी, म्हणजे मामंजींनी, मला पहिली कामगिरी दिली ती ही. "सूनबाई, ह्या पोराला तेवढं हिशेबाचं शिकीव." मी पुस्तकातलं ते प्रसिद्ध गणित घातलं. दोन स्टेशनं, दोन गाड्या, एकमेकींच्या दिशेनं निघाल्या, कुठं भेटतील? तुम्ही बराच वेळ पेन्सिल चावलीत आणि विचारलंत, "वैनी, रूळ एक हाय का दोन?"

मी म्हटलं, त्याचा काय संबंध?

"लई संबंध हाय. एकच असंल तं भेटणार न्हाईत, धडकतील. कुणीतरी आधी थांबलं पाहिजे. ते ह्या गणितात लिव्हलंच नाय."

मी तेव्हा हसले होते. तुम्ही हसला नव्हतात. रेल्वेच्या कडेनं मेंढरं चारताना तुम्ही ते रोज बघितलं होतं. छोट्याशा स्टेशनात एक गाडी उगी उभी राहायची, समोरून दुसरी धाडधाड निघून जायची, मग पहिली हलायची. पुस्तक लिहिणाऱ्यानं ते कधी बघितलं नसावं. ते गणित मी पुढं नोकरीभर शिकवलं आणि दर वेळी फळ्यावर आधी लिहिलं, "रूळ दोन आहेत असे समजा." मुलांना वाटायचं बाई उगाच लांबण लावतात.

मी रिटायर झाले तेव्हा घरातल्यांनी मला देवळात जा, योगाला जा, नातेवाइकांकडे जा, असे सल्ले दिले. तुम्ही सल्ला दिला नाहीत. एका संध्याकाळी एक खोकं घेऊन आलात. छावणीच्या बाजारातून आणलेलं, कुणाच्या तरी घरातलं जुनं, पण चांगलं. आत वीतभर लांबीचं इंजिन, डबे, आणि गोल रूळ. तुमची संगीता कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ह्या वयात?" आपण ते गच्चीवरच्या खोलीत मांडलं, वायर जोडली, आणि गाडी फिरायला लागली. फिरली. आणखी फिरली. तिसऱ्या फेरीला तुम्ही जांभई दिलीत.

"घाण्याचा बैल झाला हा. वैनी, तीन गाड्या पाहिजेत. एका टायमाला. मंग मजा."

तीन गाड्या एकदम चालवायच्या म्हणजे आराखडा आला, आणि आराखडा म्हटल्यावर मी पुढं सरसावले. आलेखाच्या कागदावर मी तीन गोल काढले, एकात एक. प्रत्येक गाडीला स्वतःचा रूळ, स्वतःचं बटण. कुणी कुणाला आडवं येणार नाही, कुणी थांबणार नाही, बटण दाबून मी स्वेटर विणत बसले तरी चालेल. मला तो कागद फार आवडला होता. तुम्ही तो उलटा धरून बघितलात, सुलटा धरून बघितलात.

"चांगलं हाय," म्हणालात, "पण ह्या गाड्यायची एकमेकीशी वळखच नाय."

मला राग आला. गाड्यांची ओळख कशाला हवी, त्या काय पाहुण्या आहेत? आपलं पहिलं भांडण ते. आठवडाभर चाललं, आणि शेवटी तुमचंच झालं, कारण सुतारकाम आणि वायरिंग तुम्ही करणार होतात आणि माझ्या हातात फक्त पेन्सिल होती.

तर मग झाली आपली एकेरी लाईन. माझ्या बाजूला गारखेडा स्टेशन, तुमच्या बाजूला चितेगाव. खऱ्या चितेगावला रेल्वे नाही आणि गारखेड्यालाही नाही, पण घर गारखेड्यात, कंपनी चितेगावात, रोजच्या बसला कंटाळलेल्या माणसानं ती आणली. दोन्ही स्टेशनांत दोन-दोन रूळ. स्टेशनं जोडणाऱ्या दोन वाटा, एक खिडकीच्या कडेनं, एक दाराच्या कडेनं, दोन्ही एकेरी. एका वाटेवर एका वेळी एकच गाडी, आणि समोरच्या स्टेशनात रूळ रिकामा असल्याशिवाय ती सोडायची नाही. दाराकडच्या वाटेवर डोंगर, थर्माकोलचा, त्यावर आबांची काळी घोंगडी पांघरलेली, आणि खाली बोगदा. आबा गेल्यावर ती घोंगडी कुणी वापरायची नाही असं ठरलं होतं. तुम्ही म्हणालात, आबा कुठंतरी डोंगरावरच असणार, मग इथंच बसू द्या.

माझा एकच नियम तुम्ही मान्य केलात, आणि तोही एकदा तोंडावर आपटल्यावर. मी सांगत होते, स्टेशनांत मिळून जागा चार, म्हणून गाड्या तीनच ठेवा, एक रूळ कायम रिकामा हवा. तुम्ही हौसेनं चौथी आणलीत. त्या रविवारी चारी रूळ भरले, सगळ्या गाड्या एकमेकींच्या तोंडाकडे तोंड करून उभ्या, एकीलाही हलायला जागा नाही. आपण दोघं आपापल्या स्टुलावर बसून बघत राहिलो. हात लावून गाडी उचलायची नाही, ही तुमचीच अट. संध्याकाळ गेली. शेवटी संगीतानं खालून जेवायला हाक मारली, तेव्हा तुम्ही चौथी गाडी गुपचूप उचलून खोक्यात टाकलीत आणि म्हणालात, "वैनी, तुम्ही हे बघितलं नाय." मी आठवडाभर येता-जाता तुम्हाला विचारत होते, चौथी गाडी कुठं बदलून गेली हो?

पण खरी गोष्ट बटणांची. माझ्या स्टेशनातून गाडी सोडायची तर वेगाची खुंटी माझ्याकडे, पण रुळात वीज सोडायचं बटण तुमच्याकडे. तुमच्या स्टेशनातून सोडायची तर बटण माझ्याकडे. मी विचारलं, हे काय खूळ? तुम्ही सांगितलंत, मेंढरं रस्ता ओलांडतात तेव्हा एक माणूस पुढं असतो, एक मागं. पुढच्यानं आपल्या मनानं कळप घालायचा नाही. मागच्याला विचारायचं, त्याचं उत्तर आलं की मगच पाय टाकायचा. आबा मागं असायचे आणि तुम्ही एवढंसं पोर पुढं. "सोडू का?" अशी तुम्ही आरोळी ठोकायची आणि मागून यायचं, "येऊ दे!" एकट्यानं कळप कधी रस्त्यावर घालत नाहीत, म्हणालात.

मग आपलंही तसंच सुरू झालं. मी विचारायचं, "सोडू का?" तुम्ही बटण दाबून म्हणायचं, "येऊ द्या, वैनी!" तुम्ही विचारायचं, मी म्हणायचं. दोन गाड्या वाटेवर, तिसरी थांबलेली. खिडकीकडून पॅसेंजर यायची, बोगद्यातून एक्स्प्रेस निघायची, आणि तुमची ती लाडकी मालगाडी बाजूच्या रुळावर सगळ्यांना वाट देत उभी. तिच्यावर तुमचा जीव होता. "उशिरा पोचती, पण सगळ्यायला पोचवून पोचती," असं तिचं कौतुक. तुमची शिफ्ट संपली, चहा झाला, की सबंध घराला वरून ऐकू जायचं. सोडू का. येऊ द्या. सोडू का. येऊ द्या. संगीता म्हणायची, ही गाडी माझी सवत आहे. जिना चढून ती एकदाही आली नाही.

आता बुधवारचं. मी एवढंच म्हटलं होतं की एक जादा बटण माझ्याकडे बसवा, म्हणजे तुमची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा मला एकटीला सगळं चालवता येईल. संध्याकाळ मला खायला उठते हो, मी म्हटलं. तुम्ही वायर सोलत होतात, मान वर केली नाहीत.

"एकट्यानंच चालवायचं तं मंग तुमचे तीन गोल काय वाईट व्हते?"

"तसं नाही. पण एक जण आजारी पडला तर काय करायचं?"

"दुसऱ्यानं त्याला बघायला जायचं. गाडी कामून चालवायची?"

"आणि गाडी उभीच?"

"राहू द्या उभी. ती उभी राहिली म्हंजी कळतं तरी, की कुणीतरी नाय."

मी चिडले. म्हटलं, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. मालगाडी माझ्या स्टेशनात होती, चितेगावचा एक रूळ रिकामा होता. मी घुश्शातच विचारलं, "सोडू का?" आणि तुम्ही हाताची घडी घातलीत. "नाय. आधी ते बटण डोक्यातून काढा." मी म्हटलं काढत नाही. तुम्ही म्हणालात मग मीही सोडत नाही. आणि दोघंही हसलो. खालून हाक आली. "उद्या बघू, वैनी."

भावजी, मी विचारलं होतं आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत. माझ्या मनात अडकलेलं आहे ते हे.

आज दुपारी तुमच्या दादांनी मला बाजूला बोलावलं. दहाव्याला गावाकडची सगळी माणसं येणार, झोपायला जागा नाही, वरची खोली मोकळी करावी लागेल. रूळ ठोकलेला बोर्ड भिंतीला उभा करून ठेवू म्हणाले, नंतर बघू. त्यांचं चुकत नव्हतं. पण बोर्डाखाली तुम्ही केलेलं वायरींचं जाळं आहे, सगळ्या वायरी लाल, कारण कंपनीतल्या दोस्तानं दिलेलं भेंडोळं लाल होतं. चिठ्ठ्या लावा म्हणून मी किती मागं लागले होते. "मी हाय की," म्हणायचात. एकदा तो बोर्ड उचलला की पुन्हा कुणालाही ते जोडता येणार नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता कोण चालवणार आहे ते?" तुमचा भाऊ तोंड फिरवून बोर्ड सोडवायचा पाना शोधायला गेला. त्याचेही डोळे सुजलेले आहेत, भावजी. तो कुणासमोर रडत नाही, न्हाणीघरात नळ सोडून रडतो.

संध्याकाळी मी वर गेले. निरोप घ्यायला, दुसरं काय. तुमचा स्टूल तसाच, स्टुलावर तुमचा तो मळका पंचा. एक्स्प्रेस तुमच्या स्टेशनात, पॅसेंजर माझ्या, शेजारी मालगाडी. मी माझ्या जागेवर बसले. खुंटीवर हात गेला. आणि सवयीनं, शप्पथ सांगते निव्वळ सवयीनं, मी मोठ्यानं विचारलं, "सोडू का?"

माझाच आवाज ऐकून मी हादरले. खोलीत काहीच हललं नाही. तेव्हा मला कळलं. इतके दिवस लोक सांगत होते, दवाखान्यानं कागद दिला होता, मी स्वतः तुम्हाला पाहिलं होतं. पण मल्हारी भावजी नाहीत हे मला त्या बटणानं सांगितलं. मी ओरडले असेन बहुतेक. आवाज खालपर्यंत गेला असणार.

"येऊ द्या."

दाराशी संगीता उभी होती. धाप लागलेली, डोक्यावर पदर, चेहरा असा की बघवत नव्हता. खालच्या बायकांमधून ती कशी उठून आली कुणास ठाऊक. ती आत आली, तुमचा पंचा उचलून मांडीवर घेतला आणि तुमच्या स्टुलावर बसली.

"कोणतं दाबायचं, ताई?"

मला माहीत नव्हतं. तुमच्या बाजूची बटणं मी कधी बघितलीच नव्हती. तिनं एक दाबलं, तर चितेगाव स्टेशनातला दिवा लागला आणि आम्ही दोघी दचकलो. दुसरं दाबलं. मी खुंटी फिरवली. मालगाडीनं एक हिसका दिला आणि ती निघाली. दाराच्या कडेनं, आबांच्या घोंगडीखालच्या बोगद्यात शिरली. दिसेनाशी झाली तेव्हा संगीतानं माझ्याकडे बघितलं, एखादं लहान मूल बघतं तशी. मी म्हटलं, येईल, थांब. आली. रिकाम्या रुळावर जाऊन एक्स्प्रेसच्या शेजारी उभी राहिली. आणि तुमची बायको पहिल्यांदा मोकळी रडली, त्या दिवसापासून पहिल्यांदा, आणि मीही.

पाना घेऊन तुमचे दादा दारात कधी आले कळलं नाही. संगीता त्यांच्याशी कधी थेट बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे, थोरल्या दिराशी काही बोलायचं तर माझ्यामार्फत. तिनं पदर पुढं ओढला आणि मान माझ्याकडेच ठेवून, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ताई, दादांना म्हणावं, पाव्हणे खाली झोपतील. माझ्या खोलीत झोपतील. हे हलवायचं नाय." दादांनी पाना खिशात घातला आणि नाक शिंकरत खाली गेले.

भावजी, ऐका. भांडण मी हरले. माझे तीन गोल असते, किंवा ते जादा बटण तुम्ही मला बसवून दिलं असतं, तर आज मी एकटीनं त्या खोलीत बसून गाड्या फिरवल्या असत्या. फिरवतच राहिले असते. कुणी वर आलं नसतं, कुणी यायची गरजच नव्हती. जिवंतपणी तुम्हाला हे मी कबूल केलं नसतं, हेही खरं. पण एवढंच सिद्ध करायचं होतं तर आणखी थोडं भांडायचं होतं हो. मला पटवायला तुम्ही इतक्या लांब जायची काही गरज नव्हती. माझा राग गेलेला नाही. तो राहील.

मी डोळे पुसत बसले होते. मालगाडी पोचली, आता उठावं, दिवेलागण झाली, स्वयंपाकाचं बघावं, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं. संगीता उठली नाही. तिनं तुमच्या बाजूच्या खुंटीवर हात ठेवला, माझ्या स्टेशनातल्या रिकाम्या रुळाकडे बघितलं, आणि खालच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं,

"ताई, सोडू का?"

माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं.

"येऊ दे," मी म्हटलं. "येऊ दे, संगीता."